सीट कव्हरवाल्या काकांना, एमआरआय विभागाकडून

काका, सप्रेम नमस्कार.

रिक्षाची सीट कव्हरं शिवता शिवता तुम्ही आमच्यासाठी फोमच्या पाचरी करून दिल्यात. त्या नेमक्या कुठे जातात, ते तुम्हाला कळायला हवं.

मेंदूच्या एमआरआयला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात. डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी कॉइल असते, चित्रासाठीचे संकेत टिपणारी. त्यात कान आणि कॉइल यांच्यामध्ये उरलेल्या फटीत तुमच्या पाचरी बसतात. आधी अंबाडा सोडायचा, क्लिपा-पिना काढायच्या. अंबाड्यावर डोकं टेकलं की ते कलतंच. मग कानात बोळे, आणि दोन्हीकडून एकाच वेळी पाचर सरकवायची. एक बाजू आधी दाबली तर डोकं सरळ ठेवायला आखलेल्या लेझरच्या रेघेवरून नाक सरकतं. फार आवळूनही चालत नाही. दहाव्या मिनिटाला कान ठणकू लागतो आणि पेशंट हमखास मान हलवतो.

एवढा आटापिटा का? हा फोटो क्षणात निघत नाही. चित्रांच्या एकेका मालिकेला दोन ते पाच मिनिटं लागतात आणि माहिती ओळीओळीने गोळा होते. चित्रातला एक ठिपका मिलिमीटरपेक्षाही लहान. मध्येच डोकं हललं की आधीच्या आणि नंतरच्या ओळींचा मेळ बसत नाही, आणि कवटीच्या कडेच्या सावल्या चित्रभर उमटतात. खोकला, घोरणं, ‘झालं का?’ असं विचारणं, सगळं त्यात दिसतं. म्हणून मशीनचा आवाज थांबला की मगच गिळा, असं आम्ही सांगतो.

तुमचं खरं कसब शिवणीत आहे. आमचं मशीन म्हणजे मोठं चुंबकच, धातू जवळ चालत नाही. चेन नायलॉनची असली तरी तिचा रनर धातूचा असतो; तुम्ही वेल्क्रो लावलंत. सीटला मारता तशी स्टेपलची पिन एकाही पाचरीत नाही. तरी नवा गठ्ठा आत नेण्याआधी आम्ही चुंबक फिरवतो. राग मानू नका. फोम कडक निवडलात तेही बरं झालं. मऊ फोम वजनाने चेपतो आणि पकड सुटते. रेक्झिनमुळे पुसायला सोपं, आणि घाम फोमपर्यंत जात नाही. ओला फोम चित्रात उमटतो, कोरडा दिसतही नाही.

आता एक मोठी पाचर हवी आहे. पाठीला पोक असलेल्या आजी-आजोबांचं डोकं कॉइलमध्ये टेकत नाही, अधांतरी राहतं आणि थरथरतं. कंबरेखाली उंचवटा दिला की ते खाली येतं. मापं चिठ्ठीत दिली आहेत.

बिलावर मात्र ‘फोम पॅड’ लिहा. ‘सीट कव्हर’ वाचलं की अकाउंट्सवाले रिक्षा कुठली ते विचारतात.

आपले,
एमआरआयचे तंत्रज्ञ