कोपराखालचा भाता

डब्लिन

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

मंडळाची पेटी दुरुस्त होऊन आली, असं आई फोनवर म्हणाली. भात्याचं चामडं बदललं का? भात्यावरून आठवलं, इथल्या एका वाद्याबद्दल तुम्हाला कधीचं लिहायचं होतं.

इलन पाइप्स म्हणतात त्याला. आपण बघतो ती स्कॉटलंडची बॅगपाइप तोंडाने फुंकतात. ही आयरिश जात बसून वाजवायची. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या कोपराखाली हवेची पिशवी. तोंड मोकळं, म्हणजे मध्येच गप्पा मारायला हरकत नाही, आणि इथली माणसं अशी संधी सोडत नाहीत! भात्याची हवा कोरडी, त्यामुळे आतल्या बोरूच्या पत्त्या ओल धरत नाहीत. बोटांखालची नळी दोन सप्तकं फिरते, तीन नळ्या तंबोऱ्यासारखा षड्ज धरून ठेवतात, आणि आणखी तीन नळ्यांच्या चाव्या मनगटाने दाबून साथीचे सूर काढायचे. पाइपर घडायला एकवीस वर्षं लागतात म्हणे: सात शिकायची, सात रियाजाची, सात वाजवायची.

सध्या मी शेमस एनिस या पाइपरची जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकतोय. जन्म १९१९, डब्लिनजवळचाच. त्याचे पाइप्स वडिलांनी १९०८ मध्ये लंडनच्या एका दुकानातून आणलेले, पोत्यात सुटे भाग भरलेले. तो वाजवायचा ती एक पारंपरिक रचना कोल्ह्याच्या शिकारीची आहे. घोड्यांची दौड, कुत्र्यांचं भुंकणं, शेवटी कोल्ह्यासाठी विलाप, सगळं त्या एका वाद्यातून. कुत्रे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी हसलो. विलाप आला तेव्हा नाही.

पण मला त्याचं वादनापेक्षाही दुसरं काम मोठं वाटतं. १९४२ ते १९४७ तो इथल्या लोकसाहित्य आयोगासाठी जुनी गाणी गोळा करत गावोगाव हिंडला. युद्धामुळे पेट्रोल नाही, म्हणून सायकलवर. बहुतेक काम कागद-पेनानेच. समोरचा गायचा आणि हा शब्द, चाल उतरवून घ्यायचा. पश्चिम आयर्लंडातल्या कॉनेमाराच्या कोलम कीन नावाच्या एकट्या माणसाकडून दोनशेवर गाणी मिळाली. पुढे १९५१ पासून बीबीसीसाठी रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन हिंडला. आयुष्याची शेवटची वर्षं मात्र नॉल गावात, एका कॅरव्हॅनमध्ये काढली. १९८२ मध्ये गेला. पाइप्स लियम ओफ्लिन या शिष्यवत मित्राला देऊन गेला, हे मला फार आवडलं. काचेच्या कपाटात जाण्यापेक्षा वाद्य वाजत राहिलेलं बरं.

आता खरं काम. तुम्ही काकड्याला म्हणता त्या जुन्या चाली मंडळात तुमच्याखेरीज कोणाला येतात? चिन्मयला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा. पेटी नको, नुसता आवाज आणि टाळ. प्रत्येक चालीआधी ती कोणाकडून घेतली ते नाव-गाव सांगा, नाहीतर पुढच्याला कळणार नाही. आवाज बसलाय वगैरे सबबी चालणार नाहीत.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमचा,
अभय