वाफा थांबतील असे आपण कधीच म्हणाला नाहीत

माननीय ताई,
स. न. वि. वि.

आपल्या सजगतेच्या, म्हणजे या क्षणी जे घडते आहे त्याकडे शांतपणे लक्ष देण्याच्या (माइंडफुलनेसच्या), वर्गाला वर्ष होऊन गेले. आभाराचे हे पत्र खरे तर तेव्हाच लिहायला हवे होते. रजोनिवृत्तीविषयी बोलताना आम्ही बायका अजूनही आवाज खाली आणतो, म्हणून ते पाकिटात बंद न करता उघडपणे लिहीत आहे.

मी आपल्याकडे आले तेव्हा माझी पाळी अनियमित होऊन दीड वर्ष लोटले होते. दिवसातून सात-आठ वेळा छातीतून गरम वाफ उसळायची, मान आणि कानशिले तापायची, वरच्या ओठावर घाम जमायचा. रात्री तीनच्या सुमारास गाउन भिजून जाग यायची आणि पाठोपाठ हुडहुडी भरायची. "या वयात हे व्हायचेच" एवढे बोलून एका डॉक्टरांनी माझी बोळवण केली होती.

वाफा बंद होतील असे वचन आपण देणार नाही, हे आपण पहिल्याच दिवशी सांगितलेत आणि मी, खरे सांगते, खट्टू झाले. इस्ट्रोजेन हे हार्मोन घटू लागले की शरीराचे तापमान सांभाळणारा मेंदूतील भाग, हायपोथॅलॅमस, तापमानातल्या किरकोळ वाढीलाही बिचकतो आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. श्वासाकडे लक्ष दिल्याने हे काही थांबत नाही, असे आपण समजावलेत. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या ज्या कार्यक्रमावर आपला वर्ग बेतलेला होता, त्याची ११० स्त्रियांवर झालेली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणीही आपण दाखवलीत. तिच्यात हा कार्यक्रम केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन गटांमध्ये वाफांच्या तीव्रतेत म्हणण्यासारखा फरक आढळला नव्हता. झोप, चिंता आणि ताण यांत मात्र सुधारणा दिसली होती. आपल्या विद्येची मर्यादा स्वतःहून दाखवणाऱ्या शिक्षिका मला तोवर भेटल्या नव्हत्या, आणि बहुधा त्यामुळेच मी पुढचे सात आठवडे टिकले.

वाफ आली की घड्याळ पाहायचे आणि ती कुठून निघून कुठे जाते ते वहीत टिपायचे, एवढाच आपला पहिला गृहपाठ होता. माझी पहिली नोंद अशी आहे: "छातीच्या मधोमध सुरुवात. उजवा कान आधी, डावा नंतर. साडेतीन मिनिटे." पंधरा मिनिटे तरी गेली असतील, असे मी शपथेवर सांगितले असते. उरलेला वेळ कशाचा होता, ते पुढच्या पानांवर हळूहळू उमगत गेले: सगळे माझ्याकडेच पाहत असतील, आजचीही रात्र गेली, उद्या काम कसे होणार. शरीराची उष्णता ओसरल्यावरही मी स्वतःला शेकत बसत होते. हे विचार अजूनही येतात, पण आता ते येताना दिसतात.

पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवण्याच्या सरावात मी गुडघ्यापुढे फारशी कधी पोचले नाही, कारण तोवर झोप लागायची. ओशाळून तसे कबूल केल्यावर "मग लागू द्या की, तिच्यासाठीच तर आला आहात" असे म्हणून आपण हसलात. पहाटे तीनला मी अजूनही हाच सराव करते.

आणखी एका गोष्टीसाठी मी आपली ऋणी आहे. सजगता हा औषधोपचाराला पर्याय नव्हे, असे बजावून आपण मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे धाडलेत. पाळी सलग बारा महिने बंद राहिल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला तर श्वास मोजत बसू नका, ताबडतोब तपासून घ्या, हेही आपण वर्गात दोनदा सांगितले होते. त्या डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी केली आणि हार्मोन उपचारांचे फायदे-तोटे सविस्तर सांगितले. तूर्त ते न घेण्याचा निर्णय माझा आहे, आणि तो भीतीपोटी घेतलेला नाही.

गेल्या महिन्यात कार्यालयात अंदाजपत्रक मांडताना ऐन मध्यावर वाफ आली. मी "एक मिनिट" म्हटले, खिडकी उघडली, पाणी प्यायले आणि अर्धवट राहिलेल्या वाक्यापासून पुढे सुरू केले. त्या दिवशीची नोंद: "चार मिनिटे. दोन्ही कान. अंदाजपत्रक मंजूर."

आपली कृतज्ञ,
मागच्या रांगेत झोपणारी विद्यार्थिनी