आजीच्या निरोपाची तयारी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

डोळे द्यायचे, विद्युतदाहिनीत न्यायचं, दहावा-तेरावा करायचा नाही, अभंग मात्र हवेत, असं आजी आपल्या सगळ्यांना सांगत असते. पण कागदावर यातलं काहीच नाही. त्या दिवशी घर नातलगांनी भरेल आणि जो मोठ्याने बोलेल त्याच्या मनासारखं होईल. म्हणून तिच्याकडून आताच लिहून घे आणि खाली तिची सही घे. मामाला आणि मावशीला प्रत पाठव.

सगळ्यात घाईचं काम डोळ्यांचं. सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक पोचायला हवेत, त्यामुळे पहिला फोन त्यांना, नातेवाइकांना नंतर. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. पंख्याच्या वाऱ्याने बुबुळं सुकतात आणि मग ती उपयोगाची राहत नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, मधुमेह असला तरी चालतं. फॉर्म भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकाची संमती पुरते. काम अर्ध्या तासात उरकतं आणि चेहरा विद्रूप होत नाही, हे काकूला आधीच सांगून ठेव, नाहीतर ऐनवेळी तीच अडवेल.

दोन-तीन तासांत शरीर ताठरू लागतं. त्याआधी हातपाय सरळ करा, हनुवटीखालून पट्टी बांधा, बांगड्या-अंगठ्या काढा. आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. जिन्यावरून उतरवायला चार दणकट माणसं लागतील, त्यांची नावंही त्याच कागदावर असू देत.

घरी मृत्यू झाला तर नमुना ४अ मधला डॉक्टरांचा दाखला लागतो. नेहमीचे डॉक्टरच तो बिनतक्रार देतात. अनोळखी डॉक्टर कचरतात आणि प्रकरण शवविच्छेदनापर्यंत जाऊ शकतं. म्हणून नेहमीच्या डॉक्टरांनी अधूनमधून घरी येऊन आजीला तपासलेलं असावं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती घे, बँक, पेन्शन, विमा सगळीकडे लागतात.

आजीच्या पेसमेकरचं मात्र कुणी विसरायचं नाही. दाहिनीच्या उष्णतेत त्याची बॅटरी फुटते, म्हणून तो आधी डॉक्टरांकडून काढून घ्यावाच लागतो. हे कागदावर सगळ्यात वर, लाल शाईने लिही.

रक्षा तिला अंगणातल्या सोनचाफ्याला हवी आहे. ती खारट आणि क्षारयुक्त असते, मुळाशी थेट ओतली तर झाड जळतं. भरपूर माती आणि शेणखतात मिसळून खोडापासून लांब, थोडी थोडी घालायची.

शोकसभेचं तूच बघ. पाऊण तास पुरे. बोलणारे तिघेच, प्रत्येकी पाच मिनिटं, आणि आधी सांगून ठेवलेले. 'कुणाला दोन शब्द बोलायचेत का' असं विचारलं की सभा हातातून जाते. आजीने चाळीत शिकवलेल्या मुलींपैकी एक तरी त्यांत असावी, असं मला फार वाटतं. अभंग भजनी मंडळालाच म्हणू देत, रेकॉर्ड नको. कोणते ते आजीच निवडेल. फोटोही तिच्याच पसंतीचा, आणि मोठा करायला मूळ प्रतच दे, व्हॉट्सॲपवरून आलेला फुटतो.

रविवारी तिला विचारायला बस. दुपारच्या चहानंतर ती निवांत असते.

तुझी,
आई