मार्गित नॉर्डीनचे नाव का गाळले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील स्वीडनच्या वासालोपेट स्की शर्यतीवरचा लेख वाचला. सेलेन ते मोरा हे ९० किलोमीटरचे अंतर, १९२२ च्या पहिल्या शर्यतीत उतरलेले ११९ स्पर्धक आणि २२ वर्षांच्या अर्न्स्ट आल्मने साडेसात तासांत मारलेली बाजी, हे सारे लेखकाने मन लावून सांगितले आहे. पण पुढे ‘महिलांना १९८१ मध्ये प्रवेश मिळाला’ एवढ्या एका वाक्यात त्यांनी आम्हाला उरकले, याचे फार वाईट वाटले.

दुसऱ्याच वर्षी, १९२३ मध्ये, मार्गित नॉर्डीन ही व्यायामशिक्षिका या शर्यतीत उतरली आणि सुमारे दहा तास दहा मिनिटांत तिने ती पूर्ण केली. त्यावर १९२४ मध्ये महिलांना बंदी घालण्यात आली. एका बाईने करून दाखवल्यानंतर काढून घेतलेला हक्क १९८१ मध्ये परत दिला गेला, असे लिहायला हवे होते.

हे मला इतके का लागले तेही सांगते. १९७९ साली तालुक्याच्या गावी झालेल्या आठ किलोमीटरच्या शर्यतीसाठी आमच्या सरांनी माझे नाव दिले होते. सगळे रांगेत उभे असताना आयोजकांपैकी एका गृहस्थांनी माझ्या पाठीवरचा कापडी क्रमांक सोडवला, चारही टाचण्या मोजून डबीत ठेवल्या आणि ‘मुलींना एवढे झेपत नाही, बाळ’ असे म्हणून मला पाण्याच्या माठापाशी उभे केले. ज्या मुलांना मी सरावात रोज मागे टाकत असे, त्यांनाच त्या दिवशी मी पेले भरून दिले. त्या गृहस्थांना काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. ५६ वर्षांपूर्वी एक बाई बर्फातून ९० किलोमीटर गेली होती, हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

आणखी एक चूक. ज्याच्या नावाने ही शर्यत भरते तो, पुढे स्वीडनचा राजा झालेला गुस्ताव वासा सेलेनहून मोराकडे पळाला, असे लेखात छापले आहे. परंपरेने सांगितली जाणारी हकीकत उलट आहे: तो मोराहून नॉर्वेकडे निघाला होता आणि मागून स्कीवर धाडलेल्या माणसांनी त्याला सेलेनजवळ गाठून परत आणले. म्हणूनच शर्यत मोराला संपते.

या शर्यतीची कल्पना अँडर्श पेर्स या संपादकाने आपल्या वृत्तपत्रातूनच मांडली होती. आपणही वृत्तपत्र चालवता, म्हणून हक्काने लिहिते: येत्या रविवारी दुरुस्ती छापताना मार्गित नॉर्डीनचे नाव आणि तिची वेळ, दोन्ही द्यावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, कराड