काढता येतात हेच तर दुखणं आहे

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात अख्खी पानभर जाहिरात होती, तार नको, त्रास नको, कुणाला दिसतपण नाही, पारदर्शक अलाइनर (म्हणजे दातांवर बसणारे, एकामागून एक बदलायचे प्लॅस्टिकचे ट्रे) लावा नि सहा महिन्यांत दात सरळ. ती वाचून मुलीने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी हसत सुटलो, कारण मी गेली पावणेदोन वर्षं तेच घालतेय आणि अजून सुटका नाही.

आधीच सांगते, माझं अलाइनरशी भांडण नाही. थोडी फट, थोडे वेडेवाकडे दात असतील तर काम होतं, माझे पुढचे चार दात मस्त बसलेत. पण "जेवताना काढता येतात" हे जे कौतुकाने सांगतात ना, तिथेच सगळी मेख आहे. दिवसाचे 20 ते 22 तास ट्रे तोंडात हवा, म्हणजे उरलेल्या दोन ते चार तासांत चहा, नाश्ता, डबा, रात्रीचं जेवण आणि ब्रश. मी बँकेत आहे, शाखेत चहा तीनदा येतो, प्रत्येक वेळी बाथरूममध्ये जाऊन ट्रे काढा, चहा प्या, चूळ भरा, जमलं तर ब्रश करा, परत घाला. ट्रे घालूनच चहा प्यायला तर गरम चहाने प्लॅस्टिकचा आकार बिघडतो, डाग पडतात, आणि साखर दाताला चिकटून आत कोंडून राहते, लाळेने धुतलीपण जात नाही, मग कीड लागायला किती वेळ? हळदीचं तर विचारूच नका, घाईत दात न घासता ट्रे घातला की संध्याकाळपर्यंत पिवळाधमक.

एक ट्रे दात साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. लग्नाकार्यात तीन दिवस आळस केला की पुढचा ट्रे बसतच नाही, परत मागचा घाला. डॉक्टरांना थाप मारून उपयोग नाही, ट्रे आणि दातामध्ये फट दिसली की त्यांना लगेच कळतं. तारेला हा प्रश्नच नाही, ती चिकटवलेली असते, तुमच्या मनावर काही नसतं. गणपतीत एका घरी प्रसादासाठी ट्रे काढून टिश्यूत गुंडाळून ठेवला, तो द्रोणाबरोबर कचऱ्यात गेला, नवीन ट्रेचे पैसे वेगळे पडले आणि आरतीला आलेल्या बायकांनी कचरा शोधला तो वेगळाच.

आता "कुणाला दिसत नाही" म्हणतात त्याबद्दल. ट्रेला पकड मिळावी म्हणून दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात, माझे सात आहेत, ट्रे काढला की ओठाला खरखरीत लागतात आणि जवळून बघणाऱ्याला दिसतात. शिवाय जागा करायला दोन दातांच्या मध्ये पट्टीने घासून इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, थोडं कमी करतात. डॉक्टर म्हणतात प्रमाणात केलं तर काही होत नाही, असेलही, पण इनॅमल परत येत नाही आणि हे मला खुर्चीत बसल्यावर कळलं, पैसे भरून झाल्यावर.

माझं घोडं अडलंय सुळ्यावर. सुळे, उपदाढा गोलसर असतात, प्लॅस्टिक त्यांना धरून फिरवू शकत नाही, घसरतं. कॉम्प्युटरच्या व्हिडिओत माझा सुळा झकास फिरला होता, तोंडात नाही फिरला. 26 ट्रे झाल्यावर रिफाइनमेंट, म्हणजे राहिलेली दुरुस्ती, म्हणून अजून 14, आणि तरी नाही जमलं तर तिथे तारच लावू म्हणाले! वर मागच्या दाढा एकमेकींना नीट टेकत नाहीत, शेंगदाणा चावताना कळतं. आणि हे सगळं संपलं तरी दात जागेवर धरून ठेवणारा रात्रीचा रिटेनर आहेच, नाहीतर दात परत आपल्या जागी निघाले.

आणि घरी किट मागवून स्वतःच माप घ्यायचं हा प्रकार तर मला भयंकरच वाटतो. हिरड्यांचा आजार असेल, मुळं आखूड असतील तर ते एक्स-रेशिवाय कळणार कसं? अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची मोठी कंपनी असंच घरपोच करायची, ती डिसेंबर 2023 मध्ये एकदम बंद पडली, लोकांची ट्रीटमेंट अर्धवट राहिली आणि हप्ते मात्र भरत राहा म्हणून सांगितलं.

तेव्हा विनंती एवढीच, अशी जाहिरात घेताना कंपनीला विचारा, तपासणार कोण, दात सरळ करायचं तीन वर्षांचं एमडीएस केलेला ऑर्थोडॉन्टिस्ट की फक्त सेल्सवाला, आणि रिफाइनमेंटचे, हरवलेल्या ट्रेचे, रिटेनरचे पैसे धरून आकडा किती, तो जाहिरातीत वाचता येईल एवढ्या अक्षरात छापा. मला तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर सुळ्यासाठी मी सरळ तार घेतली असती, बँकेत चार लोक हसले असते तर हसले असते.

हे लिहिता लिहिता चहा झाला, ट्रे पाऊण तास बाहेर आहे, थांबते.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली