‘अर्थनियोजन’ शिकवणाऱ्यांना आधी शिकवा

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सादर नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. ‘शाळेत आर्थिक साक्षरता आणा’ ही मागणी सारखी कानावर येते. साहेब, ती कधीच आली आहे. नववी-दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे. दहावीला तर जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड, एसआयपी (म्हणजे फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणे), सगळेच. आम्ही सूत्र फळ्यावर लिहितो, उदाहरणे सोडवून घेतो, मुलांच्या पदरात गुण पडतात. मात्र एखाद्या पोराने ‘सर, एसआयपीत पैसे बुडतात का?’ असे विचारले, की ‘परीक्षेला नाही ते’ म्हणून आम्ही पुढे सरकतो. बी.एड.ला यातले कोणी काही शिकवलेच नव्हते.

म्हणून विनंती, प्रशिक्षणाची सुरुवात शिक्षकाच्या पगारपत्रकापासून करा. 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्यांची एनपीएसची, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेची, कपात दरमहा होते. तो पैसा कुठे गुंतवला जातो, हे कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारून बघा. मग कर्जाकडे या. लाख रुपये, 12 टक्के सपाट व्याज, बारा हप्ते: हप्ता 9,333 रुपये. दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, व्याज मात्र पूर्ण लाखावर. घटत्या शिल्लकीवर मांडले तर तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो! हे एकदा स्वतःच्या कर्जावर मांडून बघितलेला शिक्षक हप्त्यावरच्या मोबाइलचे गणित वर्गात पुस्तक न उघडता घेईल.

लिंक पाठवून, व्हिडिओ पुढे ढकलत मिळवायचे प्रमाणपत्र नको. ती आमच्याकडे ढिगाने आहेत. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, कागद-पेन्सिल घेऊन, डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) माणसाने शिकवावे. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राचे शिक्षकांसाठीचे कार्यक्रम आहेत, त्यांची मदत घ्या. मात्र विमा किंवा फंड विकणाऱ्यांना त्या खोलीत पाऊल ठेवू देऊ नका. पगारदार शिक्षक म्हणजे त्यांचे आयते गिऱ्हाईक.

घाई यासाठी, की रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये नियम सुधारताना दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना कायम ठेवली. म्हणजे पाचवी-सहावीचे पोर खातेदार होऊ शकते. पैसे घेताना यूपीआय पिन टाकावा लागत नाही, फसगत झाली तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, हे त्याला कोण सांगणार? त्यामुळे गणिताच्या शिक्षकांवर न थांबता प्राथमिकचे वर्गशिक्षकही यात घ्या. आणि तारखा ठरवताना तेवढ्या बीएलओच्या (मतदार याद्यांच्या कामाच्या) ड्युट्या बघून ठरवा.

आपला,
एक गणित शिक्षक