सोमनाथला बोटीनं जाऊया

ती. आई-बाबा, सा. नमस्कार.

फोनवर काही सांगायला गेलं की बाबा "बघूया" म्हणतात आणि आई मध्येच गॅस बंद करायला उठते, म्हणून सगळं एकदाच लिहून पाठवतोय. चष्मा लावून निवांत वाचा आणि काय ते ठरवा. सोमनाथ-द्वारका यंदा डिसेंबरात करायचंच, आणि सुरतेहून पुढं बोटीनं जायचं. थांब आई, लगेच नको म्हणू नको.

मॅपवर बघा, सुरतेच्या समोर पाण्यापलीकडं भावनगर दिसतंय, पण गाडीनं जायचं म्हटलं की बडोद्याच्या अंगानं वर चढून खंभातच्या आखाताला अख्खा वळसा घालायला लागतोय, 370 किलोमीटर, दहा-बारा तास सहज, आणि बाबांचे गुडघे तेवढा वेळ दुमडून राहायचे नाहीत हे तुम्हीच मला सांगता. तेच सुरतेजवळच्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला समुद्रातनं 90 किलोमीटर, चारेक तास. पाय मोकळे करायचे, डेकवर चक्कर मारायची, चहा प्यायचा. ही बोट 2017 ला भरूचकडच्या दहेज बंदराहून सुरू झालेली, पण तिथं नर्मदेचा गाळ साचून बोटीला पाणी कमी पडायला लागलं, म्हणून ती बंद पडली आणि नोव्हेंबर 2020 पासून हजिऱ्याहून चालू केली.

आई, तुझ्या डोळ्यासमोर जी डुलणारी होडी आहे ना, तसलं काही नाही. गोव्यात रायबंदरहून चोडणला जाताना आपण फेरीबोटीत गाडी घातलेली, तसंच इथं गाडी सरळ पोटात घालायची, फक्त ही बोट म्हंजे तीन मजली वाडाच. 30 ट्रक, 100 कार आणि 500 माणसं मावतात असं उद्घाटनाच्या वेळी सांगितलेलं. गाडी खाली, माणसं वर. म्हणून बाबांच्या गोळ्या, शाल, पाण्याची बाटली आणि तुझा तो चिवड्याचा डबा डिकीत ठेवायचा नाही, हातातल्या पिशवीत घ्यायचा. उलटीची गोळी लागली तर बीपीच्या गोळीबरोबर चालते का ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेव.

आता बाबांसाठी. तुम्हाला सगळं घड्याळ लावून लागतंय, मागावर बसायची सवय ती, पण या आखातात घड्याळ चालत नाही, भरती-ओहोटी चालते. आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातंय, त्यामुळं उधाणाला भावनगरकडं पाणी दहा मीटरपर्यंत वरखाली होतं. भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढं सरकते, हवा बिघडली तर बोटच रद्द होते. म्हणून त्या दिवशी पुढं सोमनाथ गाठायचा हट्ट नको, भावनगरला मुक्काम करूया. आणि त्यातच एक फायदा आहे. घोघ्यापासून जवळच कोळियाकला निष्कलंक महादेव आहे, समुद्रातच. भरतीला पिंडी पाण्याखाली, वर नुसता झेंडा दिसतो, ओहोटी लागली की चिखलातनं चालत आत जायचं आणि पाणी परतायच्या आत बाहेर यायचं. पांडवांनी स्थापलेल्या पाच पिंडी म्हणतात. वाट घसरडी आहे, बाबांनी काठावरनं हात जोडले तरी देवाला पोचतंय, आईला मी हात धरून नेतो. मला विचाराल तर सोमनाथाएवढीच मला याची ओढ लागलीय.

पुढं तळाजा, महुवा, उना करत सोमनाथ, तिथनं पोरबंदरवरनं द्वारका, हे सगळं गाडीनं, दोन-दोन तासाला थांबत. बेट द्वारकेला आता होडीत बसायला नको, फेब्रुवारी 2024 मध्ये सुदर्शन सेतू झालाय.

परत येताना तुम्हा दोघांना आणि सुनेला द्वारकेत सौराष्ट्र मेलमध्ये बसवतो, ती राजकोटवरनं सुरतेला येते, गाडी मी एकटा आणतो. बाबांना हे पटणार नाही माहीत आहे. तरी विचार करा.

बेळगावहून यायला गांधीधाम एक्सप्रेस बरी, बंगलोरहून येते, मिरज, पुणे, वसई करत सुरत. वाटेत गाडी बदलायला नको. ती रोज नाही, म्हणून तारीख तिच्यावरनं धरायची. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, ज्येष्ठांच्या कोट्यातनं खालचे बर्थ मागतो. आणि बाबा, स्टेशनवर जाऊन क्लार्कशी वाद घालू नका, ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासूनच बंद आहे, पूर्ण पैसे पडतात आणि ते मी भरतोय.

दोघांच्या आधारकार्डाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका, दोन्ही बाजूंचे, मागच्या वेळेसारखा आईचा अंगठा त्यात नको. शेजारच्या काकूंना यायचं असेल तर आत्ताच सांगा, गाडीत एक जागा आहे. आणि येताना कुंदा दोन किलो आणा, इथं ऑफिसात सगळे विचारतात.

तुमचा,
थोरला